चरखा संघाचे नवसंस्करण : संस्थेतील स्थित्यंतर आणि नेतृत्वाचे कार्य

‘नवसंस्करण’ हा शब्द मराठी वाचकास काहीसा परका वाटेल. हिंदीत ‘संस्करण’ म्हणजे ग्रंथाची आवृत्ती; मराठीत तो अर्थ रूढ झाला नाही. मात्र सम् + कृ ह्या धातूपासून आलेला ‘संस्कार’ मराठीत चांगलाच रुळलेला आहे, आणि शुद्ध करणे, योग्य करणे, उपयोगास सिद्ध करणे ह्या त्याच्या छटा मराठी मनास सहज जाणवतात. १९४४ साली सेवाग्राम येथे अखिल भारत चरखा संघाच्या घडणीत जो पालट करण्याचे ठरले, त्यास हा शब्द योजण्यात आला. उद्योगसंस्थांच्या व्यवहारात अशा प्रसंगी ‘पुनर्रचना’ हा शब्द वापरतात. दोहोंतील अंतर केवळ शब्दांचे नाही. पुनर्रचनेत वस्तूचे भाग तेच राहून त्यांची मांडणी बदलते. संस्करणात वस्तूचा गुण बदलावा अशी अपेक्षा असते. मांडणी बदलणे हे व्यवस्थापकाचे काम होऊ शकेल. गुण बदलावयाचा तर ते काम कोणाचे, आणि ते कितपत साधते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

चरखा संघ ही नफ्यासाठी काढलेली कंपनी नव्हती, हे प्रथमच सांगून टाकले पाहिजे. तथापि तिचा व्यवहार पाहता ती देशातील एक मोठी उत्पादक आणि विक्रेती संस्था होती, हेही तितकेच खरे. कापूस घेणे, पेळू पुरविणे, सूत कातून घेणे, ते विणकरांकडे पोचविणे, कापडाची धुलाई-रंगाई करविणे आणि भांडारांतून ते विकणे, ही सर्व साखळी ती चालवीत असे. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे काँग्रेसच्या आश्रयाखाली, परंतु स्वतंत्र अधिकार देऊन, तिची स्थापना झाली. महात्मा गांधी अध्यक्ष, वर्ध्याचे जमनालाल बजाज खजिनदार, आणि शंकरलाल बँकर व जवाहरलाल नेहरू हे चिटणिसांपैकी होते. गांधींनी स्वतः १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे १९४० साली १३,४५१ खेड्यांतील २,७५,१४६ लोकांना कताई, विणाई आदी कामांबद्दल संघाकडून ३४,८५,६०९ रुपये मिळाले. त्यांत कातणाऱ्या मुख्यतः स्त्रिया होत्या.

ह्या आकड्यांशी थोडे थांबणे अवश्य आहे. कारण पुढील सर्व वादाचे बीज त्यांत आहे. भागाकार केला तर प्रत्येक व्यक्तीस वर्षाकाठी सरासरी बारा रुपये साडेदहा आणे पडतात, म्हणजे महिन्यास एक रुपया आणि वर एखादा आणा. विणकराची प्राप्ती कातणारीपेक्षा अधिक असे, हे ध्यानात घेतल्यास कातणारीच्या वाट्यास ह्याहूनही कमीच येत असणार. दुसरीकडे, देशातील सात लाख खेड्यांच्या मानाने १३,४५१ ही संख्या शेकडा दोनही भरत नाही. एका बाजूने पाहिल्यास हे अफाट कार्य आहे. कोणत्याही खाजगी पेढीला इतक्या दूरवर, इतक्या गरीब घरांत पोचता आले नव्हते. दुसऱ्या बाजूने पाहिल्यास ते दुष्काळी मदतीच्या जातीचे कार्य आहे. त्याने घर तगते, पण उभे राहत नाही. संस्था यशस्वी होती की अयशस्वी, हे तिचे प्रयोजन काय मानावे ह्यावर अवलंबून होते, आणि ते प्रयोजन ठरविण्याचा अधिकार व्यवहारतः एकाच पुरुषाकडे होता.

प्रयोजनाचा हा प्रश्न १९४४ मध्येच प्रथम उद्भवला असे नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे संघाच्या मंडळाने कातणारीस निर्वाहापुरती मजुरी देण्याचे तत्त्व मान्य केले. आठ तासांच्या कामास आठ आणे हे गांधींनी पुढे ठेवलेले माप होते. प्रत्यक्षात दर तीन आण्यांच्या आसपासच आले, तरी पूर्वीच्या मानाने ही वाढ मोठी होती. खादी महागली. ती विकावयाची कशी, ही भांडारे चालविणाऱ्यांची चिंता खोटी नव्हती. स्वस्त विकून अधिक हातांना काम द्यावे, की थोड्यांना का होईना पण न्याय्य दाम द्यावे, ह्या पेचातून सुटण्यास हिशेबाची वही साहाय्य करीत नाही. नलवाडीत विनोबा स्वतः तासन्तास कातून त्या मजुरीवर निर्वाह होतो काय, हे पाहत होते. हा प्रयोग अर्थशास्त्रीय दृष्ट्या किती सिद्ध झाला, हा भाग वेगळा. परंतु दर ठरविणाऱ्यांपैकी एकाने त्या दरावर जगून पाहावे, ही घटना उद्योगधंद्यांच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

ह्यानंतर १९४२ साल आले. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधी आणि काँग्रेसचे प्रमुख पुढारी पकडले गेले. त्याच महिन्यात वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकास असलेल्या आष्टी ह्या गावी जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला. गोळीबारात गावकरी मृत्युमुखी पडले आणि जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. पुढे खटले होऊन फाशीच्या शिक्षा झाल्या व त्या १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलल्या गेल्या. लोक ह्या गावास आज ‘शहीद आष्टी’ म्हणतात. आष्टीचा उल्लेख येथे केवळ स्थलमाहात्म्य म्हणून केलेला नाही. सेवाग्रामपासून एकाच जिल्ह्याच्या अंतरावर असलेले हे गाव एक प्रश्न उभा करते : मध्यवर्ती नेतृत्व एकाएकी नाहीसे झाले म्हणजे त्याच्यावर विसंबलेले लोक काय करतात? आष्टीने त्याचे जे उत्तर दिले त्यात धैर्य होते आणि हिंसाही होती. चरखा संघाकडून आलेले उत्तर निराळे आणि काहीसे निराशाजनक होते. अनेक प्रांतांत सरकारने त्याची केंद्रे व भांडारे बंद केली, मालमत्ता ताब्यात घेतली, कार्यकर्ते तुरुंगात टाकले. आणि जेथे केंद्र बंद झाले तेथे चरखाही बहुधा थांबला. सूत कातण्यासाठी सरकारी परवाना लागत नव्हता. कापूस खेड्यात होता, चरखा घरात होता, हात होते. तरीही काम थांबले. कारण पेळू केंद्रातून येत होते, सूत केंद्र घेत होते, आणि कातण्याचे कारणही केंद्रच पुरवीत होते.

६ मे १९४४ रोजी गांधी सुटले. सप्टेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत सेवाग्राम येथे संघाच्या विश्वस्तांची सभा झाली आणि ऑक्टोबरात गांधी व संघाचे मंत्री श्रीकृष्णदास जाजू ह्यांच्यात दिवसचे दिवस सविस्तर चर्चा झाली. ही भाषणे व चर्चा ‘चरखा संघका नवसंस्करण’ ह्या नावाने हिंदीत प्रसिद्ध आहेत. गांधींच्या म्हणण्याचा गाभा असा : एक केंद्र असलेली संस्था सरकार एका हुकुमाने मोडू शकते, ती सात लाख खेड्यांत विरघळली तर तिला मोडणे कोणास शक्य नाही. म्हणून संघाने विक्रीचा व्याप आवरावा, खादी प्रथम कातणाऱ्याच्या अंगावर यावी, आणि कार्यकर्त्याने केंद्राच्या पगारावर न राहता खेड्यात रुजून शेती, गोपालन, आरोग्य, शिक्षण अशी समग्र ग्रामसेवा करावी. चरख्याच्या मागे असलेली अहिंसेची श्रद्धा ज्यास पटत नसेल त्याने चरखा चालविण्यात अर्थ नाही, इतक्या टोकापर्यंत ते गेले.

मोठ्या संस्थेत बदल जाहीर होतो तेव्हा त्याची भाषा कशी असते, हे येथे तुलनेसाठी पाहण्यासारखे आहे. ‘पुनर्रचना करण्यात येत आहे’, ‘काही पदे कमी करावी लागतील’, ‘धोरणात बदल अपेक्षित आहे’ ही वाक्ये कोणत्याही कार्यालयाच्या परिपत्रकात आढळतात. मराठी व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचे वैशिष्ट्य हे की त्यांत कर्ता नाही. कर्मणी प्रयोगात कर्ता लोपण्याची जी सोय भाषेने दिली आहे तिचा सत्ताधाऱ्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. निर्णय जणू पावसासारखा वरून पडतो. नवसंस्करणाच्या चर्चेत कर्ता सर्वत्र उपस्थित आहे. गांधी ‘मी’ म्हणतात आणि ‘तुम्ही’ म्हणतात. विशेष म्हणजे पूर्वीच्या धोरणातील दोषाचा वाटा ते स्वतःकडे घेतात : चरखा आपण दिला, पण त्यामागील ज्ञान दिले नाही, असा त्यांच्या कबुलीचा आशय आहे. स्थित्यंतराच्या प्रसंगी नेत्याच्या शब्दास वजन येते ते अशा कबुलीने. चूक अनुयायांची आणि दृष्टी नेत्याची, अशी वाटणी केली की ऐकणारे मान डोलावतात, पण काम जुन्या वळणानेच चालू ठेवतात.

नेतृत्व आणि व्यवस्थापन ह्यांतील भेद फिलिप सेल्झनिक ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५७ मधील आपल्या ग्रंथात मांडला, तो येथे उपयोगी पडतो. त्याच्या मते संघटना हे विशिष्ट कामासाठी बनविलेले साधन असते. काम संपले की ते टाकून देता येते. परंतु तिच्यात माणसे मूल्ये ओततात तेव्हा तिची ‘संस्था’ होते, आणि मग तिचे टिकणे हेच एक मूल्य होऊन बसते. मूल्य ओतणे व त्याचे रक्षण करणे हे नेत्याचे कार्य; साधन कार्यक्षम ठेवणे हे प्रशासकाचे. चरखा संघाच्या बाबतीत विलक्षण गोष्ट ही घडली की ज्याने मूल्य ओतले तोच ‘ही संस्था आता साधनाप्रमाणे विखरून टाका’ म्हणू लागला. इमारती, साठा, भांडारे, पगारपत्रके आणि वीस वर्षांची निष्ठा ह्यांनी बांधलेल्या लोकांना ते जड गेले ह्यात नवल नाही.

येथे जाजूंचे महत्त्व दिसते. वकिली सोडून जमनालालजींच्या बरोबरीने सार्वजनिक कामात पडलेले, ग्रामोद्योग संघाचे पहिले अध्यक्ष झालेले आणि हिशेबात अत्यंत काटेकोर असे हे वर्ध्याचे गृहस्थ. संस्थांच्या इतिहासात अशा दुसऱ्या फळीतील माणसांवर दोन परिच्छेदांपेक्षा अधिक कोणी लिहीत नाही. वस्तुतः स्थित्यंतराचे यशापयश पुष्कळदा त्यांच्यावरच ठरते. संस्थापकाच्या वचनाला ‘हो’ म्हणणारे पुष्कळ असतात. ते व्यवहारात उतरवावयाचे तर काय करावे लागेल, हे त्यास तोंडावर विचारणारा एखादाच असतो. जाजूंनी विचारले, आणि गांधींनी विचारू दिले. त्या चर्चेचे प्रश्नोत्तररूप हेच मुळी नेतृत्वाच्या त्या घडीतील निरोगीपणाचे लक्षण आहे.

तथापि एक विसंगती दृष्टीआड करता येत नाही. विकेंद्रीकरणाचा हा निर्णय मध्यवर्ती सभेत, मध्यवर्ती पुरुषाच्या प्रेरणेने झाला. मॅक्स वेबरने ज्यास विभूतिमत्त्वावर अधिष्ठित अधिसत्ता म्हटले, तिचा हा स्वभावच आहे : अनुयायी स्वतंत्र व्हावेत अशी आज्ञा ती करू शकते, परंतु आज्ञेने आलेले स्वातंत्र्य आज्ञा करणाऱ्याबरोबरच दुबळे होते. शिवाय ज्यांच्या जीवनावर ह्या निर्णयाचा अधिकात अधिक परिणाम होणार होता त्या कातणाऱ्या स्त्रिया सभेत नव्हत्या. संघाच्या मूळ घटनेप्रमाणे सभासद तो, जो नियमित खादी वापरतो आणि स्वतः कातलेले ठराविक सूत वर्गणीदाखल देतो. ‘अ’ वर्गास दरमहा १,००० वार. मजुरीसाठी कातणारी ह्या अर्थाने सभासद नव्हे. ती लाभार्थी होती. हा शब्द त्या काळचा नाही, पण तिचे स्थान तोच बरोबर सांगतो. जिला महिन्याकाठी रुपया मिळत होता आणि त्यावर मीठ-तेल येत होते, तिला ‘आता प्रथम स्वतःच्या वस्त्रासाठी काता’ असे सांगण्यात तत्त्व कितीही उच्च असले, तरी तिच्या घरात त्या रुपयाची जागा काय घेणार, हा प्रश्न उरतोच. समग्र ग्रामसेवेतून गावाची एकूण प्राप्ती वाढेल, हे त्यावरचे उत्तर होते. ते चुकीचे होते असे म्हणवत नाही. ते दूरचे होते.

नव्या धोरणाचे ठळक व्यावहारिक रूप म्हणजे ‘सूत-शर्त’. जुलै १९४५ पासून खादी घेणाऱ्याने किंमतीचा काही भाग हातकताईच्या सुतात द्यावा, असे ठरले. कल्पना साधी आणि मार्मिक होती. गिऱ्हाइकाने केवळ पैसा देऊन देशभक्ती विकत घेऊ नये. निदान थोडे तरी कातावे. किंबहुना खरेदीदार आणि उत्पादक ह्यांच्यातील भिंतीला पाडलेले ते एक भगदाड होते. परंतु माणसे कोणत्याही नियमास वळसा घालतात. स्वतः न कातता दुसऱ्याचे सूत मिळवून ते भांडारात देणे कोणास अवघड नव्हते, आणि असे झाले की शर्तीचा अक्षरशः पराभव न होता अर्थ मात्र नाहीसा होतो. स्वातंत्र्यानंतर ती शिथिल झाली आणि पुढे सुटली.

ह्याच्याशी तुलनेसाठी विदर्भातीलच एका खऱ्याखुऱ्या कंपनीकडे पाहावे. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. जमशेटजी टाटांनी आरंभी यंत्रसामग्रीत काटकसर केली होती; ती अंगाशी आल्यावर त्यांनी धोरण फिरविले आणि उत्तम यंत्रे आणली. व्यवस्थापक म्हणून नेमलेले बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आले होते. त्यांना कापडधंद्याचा अनुभव नव्हता. कामगार वारंवार गैरहजर राहत, तेव्हा दंडावर सर्व भिस्त न ठेवता बक्षिसे, निर्वाहनिधी, निवृत्तिवेतन अशा योजनांनी त्यांना गिरणीशी जोडून घेण्यात आले. अमेरिकन इतिहासकार जेम्स मॅकग्रेगर बर्न्स ह्याने १९७८ मध्ये नेतृत्वाचे दोन प्रकार सांगितले : देवघेवीवर चालणारे आणि अनुयायाच्या प्रेरणेचाच पालट घडवून आणणारे. दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून त्याने गांधींचे नाव घेतले. त्या मापाने नागपूरच्या गिरणीतील नेतृत्व बव्हंशी पहिल्या प्रकारचे ठरते. परंतु बर्न्सच्या वाचकांना दुसरा प्रकार नेहमीच श्रेष्ठ वाटतो, तो मोह येथे आवरला पाहिजे. गिरणीच्या कामगाराला काय मिळणार हे त्यास मोजून घेता येत होते. कातणारीला जे मिळावयाचे होते ते मोजता येण्याजोगे नव्हते, आणि ते देणारा १९४८ च्या ३० जानेवारीस गेला.

आदल्याच दिवशी त्यांनी काँग्रेसच्या विसर्जनाचा आणि तिचे लोकसेवक संघात रूपांतर करण्याचा मसुदा लिहून ठेवला होता. तोही एका परीने नवसंस्करणाचाच विचार होता, अधिक मोठ्या संस्थेस लावलेला. काँग्रेसने तो स्वीकारला नाही. त्या मसुद्यात चरखा संघाचे नाव संलग्न स्वायत्त संस्थांत आहे. मार्चमध्ये सेवाग्राम येथे रचनात्मक कार्यकर्त्यांचे संमेलन भरले. नेहरू, राजेंद्रप्रसाद, विनोबा उपस्थित होते. सर्वोदय समाज व सर्व सेवा संघ ह्या कल्पना तेथून निघाल्या, आणि निरनिराळे संघ एकत्र येऊ लागले. चरखा संघ १९५३ मध्ये सर्व सेवा संघात विलीन झाला. तोपर्यंत विनोबांच्या भूदानयात्रेने कार्यकर्त्यांचे लक्ष आणि पाय दुसरीकडे वळविले होते.

त्याच वर्षी, जानेवारी १९५३ मध्ये, भारत सरकारने अखिल भारत खादी व ग्रामोद्योग मंडळ नेमले. १९५६ च्या कायद्याने त्याच्या जागी आयोग आला, आणि १९५७ पासून त्याचे काम सुरू झाले. दोहोंचे पहिले अध्यक्ष वैकुंठभाई मेहता होते, म्हणजे सहकारी चळवळीत मुरलेला, निष्कलंक माणूस. ह्या योजनेने खादीस सरकारी पैसा, विक्रीवरील सूट आणि अंबर चरख्यासारखे सुधारलेले साधन दिले. उत्पादन वाढले, काम मिळालेल्यांची संख्या वाढली. १९४४ मध्ये जे टाळावयाचे ठरले होते ते सर्व, म्हणजे एक केंद्र, विक्रीवर भर, वरून येणारा पैसा, ह्या मार्गाने अधिक बळकट होऊन परत आले. ह्यास विश्वासघात म्हणण्याची प्रथा काही वर्तुळांत आहे. ती न्याय्य नाही. स्वतंत्र सरकार हे आता संघ मोडणारे सरकार नव्हते. केंद्र नको ह्या म्हणण्याचे जे राजकीय कारण होते ते १९४७ साली संपले, आणि खेड्यांच्या स्वावलंबनाचे जे दुसरे, अधिक खोल कारण होते, ते पुरते रुजविण्यास १९४४ ते १९४८ ही साडेतीन वर्षे फार थोडी होती. त्यांतली निम्मी तर वाटाघाटी, दंगली आणि फाळणी ह्यांत गेली.

वर्ध्याच्या मगनवाडीत, जेथे ग्रामोद्योग संघ बसला होता, तेथे आज ग्रामीण औद्योगिकीकरणाची एक केंद्रशासकीय संशोधन संस्था आहे. सेवाग्रामला सर्व सेवा संघाचे कार्यालय आहे.